बैल फोटोत मावले नाहीत

अकोल्याच्या आमच्या घरात जुलै महिना कित्येक वर्षं संपला नाही. पुढच्या खोलीत, भगवान बुद्धांच्या तसबिरीच्या उजव्या हाताला, आरशाच्या वर तो खिळ्याला टांगलेला असे. बाहेर पोळा येऊन जाई, दिवाळी होई, थंडीत आम्ही शेगडीभोवती हात शेकत बसू, आणि भिंतीवर जुलैच. एखादा पाहुणा तारीख बघायला मान वर करू लागला की माय आतून ओरडायची, "त्याच्यात पाहू नोका, थो चित्रासाठी हाये." घर मालधक्क्याच्या मागं होतं. दोन खोल्या, वर टिनपत्रे, मागच्या आंगणात चूल. दिवसभर मालगाडीचे डबे एकमेकांवर आदळत आणि दर आदळण्यासरशी जुलै खिळ्यावर जरासा हलत असे. बाबा त्याच धक्क्यावर नोकरीला होते. तिथं इतका आवाज ऐकून येत की घरी आल्यावर आपण त्यात भर घालावी असं त्यांना वाटत नसे. ते जेवत, पान खात आणि आमचं ऐकत बसत.

जुलै आमच्याकडे आला तो खंडारे गुरुजींमुळे. गुरुजी अमरावतीच्या एका शाळेत गणित शिकवायचे. त्यांचा मोठा मुलगा अशोक सरकारी शिष्यवृत्तीवर शेतीचं शिकायला कॅलिफोर्नियात गेला होता. त्यानं घरी एक रंगीत कॅलेंडर पाठवलं. दुसऱ्या कोणी ते सरळ भिंतीला लावलं असतं. पण पोराच्या कर्तबगारीचा आनंद एकट्यानं कसा भोगायचा, म्हणून गुरुजींनी बाराही पानं सुटी केली आणि बारा स्नेह्यांच्या घरी स्वतः नेऊन दिली. बडनेऱ्याच्या मंडळींच्या वाट्याला फेब्रुवारी आला. आपल्याला दिवस कमी दिले म्हणून ते बरेच महिने गुरुजींशी तुटक वागत होते. आम्हाला जुलै मिळाला, म्हणजे भरपूर मिळालं, आणि वर चित्रही सगळ्यांत चांगलं. निळंशार पाणी, घराएवढी उंच लाट आणि त्या लाटेच्या उतारावर एका फळीवर उभा असलेला उघडाबंब माणूस. खाली इंग्रजीत दोन ओळी होत्या. मी मॅट्रिकच्या वर्गात होते, म्हणून वाचायचा मान माझा. "पॅसिफिक महासागराचा किनारा, कॅलिफोर्निया," मी सांगितलं.

ते चित्र पहिल्यांदा नीट पाहिलं मोठेबाबांनी. मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, तुळशीराम. बाळापूरकडच्या आमच्या गावी थोडी जमीन होती, ती तेच कसायचे, पण निम्मा वेळ ते अकोल्यात आमच्याच घरी असत. त्यांनी डोळे बारीक केले, चित्राजवळ गेले, मागं आले, आणि निकाल दिला.

"हे तं वखरणी हाय."

"नाही हो, अशोकनं लिहिलंय, तिकडचा खेळ आहे हा," गुरुजी म्हणाले.

"खेळ असन. मी कुठी नाई म्हनतो? पन वखर हाय. मांगं तास पायजा, कसा पांढराफेक पडला."

खरंच, फळीच्या मागं पाण्यात पांढरी रेघ उमटली होती. आता हे वाचणाऱ्यांत वखरावर उभे राहिलेले किती असतील कोण जाणे, म्हणून सांगते. वखराला वजन लागतं. जमीन कडक असली की खालची लोखंडी पास वर उचलली जाते आणि माती नुसती खरवडते. मग वखराच्या लाकडावर कोणीतरी चढून उभं राहायचं. पुढं बैल ओढताहेत, आपण त्या डगमगत्या लाकडावर ताठ उभे, मागं मातीत तास पडतो आहे. चित्रातल्या माणसाचे वाकलेले गुडघे, पसरलेले हात, सगळं तसंच होतं. आमच्या घरातल्या प्रत्येकानं ते ओळखलं.

"पण मग बैल कुठं आहेत?" गुरुजींनी विचारलं.

"बैल पुढं हायेत. फोटोत मावले नाईत."

गुरुजींनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, पुन्हा लावला. एवढा माणूस, एवढी फळी, इतका वेग; कोणी ओढल्याशिवाय हे होणार नाही, हे गणिताच्या माणसाला पटायला वेळ लागला नाही. तेव्हापासून आमच्या घरात त्या चित्राबद्दल शंका उरली नाही. आमच्यापैकी कोणीच समुद्र पाहिलेला नव्हता, त्यामुळे बैल त्यात चालतात कसे हा प्रश्नही कोणाला पडला नाही.

गुरुजींनी मग आणखी एक गोष्ट सांगितली, आणि सगळा घोळ तिनं झाला. अशोकनं लिहिलं होतं की तिकडची तरुण मंडळी सुट्टीत मोटारीवर फळ्या बांधून किनाऱ्याकिनाऱ्यानं निघतात. एका गावी थांबतात, तिथल्या पाण्यावर उभं राहतात, रात्री मुक्काम करतात, की सकाळी पुढचं गाव. हे ऐकताना मोठेबाबांचा चेहरा असा उजळला की मायनं न विचारता दुसऱ्यांदा चहा ठेवला.

त्यांचं दुःख समजून घ्यायला हवं. दीक्षेच्या आधी आमच्या सगळ्या वस्तीला जत्रेला नेणं हे मोठेबाबांचं काम असे. कोणत्या बंडीत कोण बसेल, कोणत्या विहिरीवर पाणी प्यायचं, कोणत्या गावच्या सोयऱ्याकडे रात्र काढायची, तान्ह्या लेकरांच्या आया मध्ये आणि भांडकुदळ माणसं एकमेकांपासून लांब, हे सगळं त्यांच्या डोक्यात. नागपूरला दीक्षेला जायचं ठरलं तेव्हाचा प्रवासही त्यांनीच आखला. एक लेकरू हरवलं नाही आणि एक भाकर उरली नाही, असं वस्तीतली माणसं पुढं कित्येक वर्षं सांगत. दीक्षेनंतर घरातले देव गेले. त्याचं मोठेबाबांना तिळभर वाईट वाटलं नव्हतं. स्वतःच्या हातानं त्यांनी ते नदीत सोडले होते. पण देवांबरोबर जत्राही गेल्या हे त्यांच्या ध्यानात उशिरा आलं. वर्षातून एकदा नागपूर तेवढं उरलं, आणि तो रस्ता तर त्यांना झोपेतही येत होता. इतका मोठा आखणारा माणूस, आणि आखायला काही नाही. अशा माणसाला गुरुजींनी पॅसिफिकचा किनारा दाखवला.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी माझा शाळेचा अॅटलास ताब्यात घेतला. संध्याकाळी मी किनाऱ्यावरची गावं खालून वर वाचायची आणि ते गाव आलं की तिथं ज्वारीचा एक दाणा ठेवायचे. सॅन दिएगो, लॉस एंजेलिस, सांता बार्बरा, मॉन्टेरे, सॅन फ्रान्सिस्को. "या सॅन आडनावाची लय गावं हायेत," ते म्हणाले, "एकाच घराण्यातली दिसतात. मालगुजारी असन त्यायची." अकोल्याहून मुंबईपर्यंत बाबांचा रेल्वेचा पास होता, म्हणजे वाटेचा अवघड भाग फुकटात झाला. मुंबईच्या पुढचं जहाजवाल्याशी बोलून घ्यायचं होतं. फळीवर उभा राहणार माझा मोठा भाऊ वसंता. तो नुकताच रेल्वेत चिकटला होता आणि उंचीनं चित्रातल्या माणसाएवढा होता, एवढीच त्याची लायकी.

मायला आपल्या जेठाशी समोरासमोर बोलायची पद्धत नव्हती. लग्न होऊन इतकी वर्षं झाली तरी ती त्यांच्याशी माझ्या मार्फत बोलायची, मग ते दोघं एकाच खोलीत का असेनात.

"इमल, इचार तुह्या मोठ्या बाबाले, तिथं गवऱ्या भेटतात काय? पानगे कायच्यावर भाजू?"

"सांग तुह्या मायले, अशोक शेतकीच्या कॉलेजात हाय. तिथं गाई असतीनच."

मी मध्ये मान हलवायची. मायनं कुरडयांसाठी उन्हाची वाटही पाहिली नाही, त्या हिवाळ्यातच दुप्पट घातल्या. मिरच्यांचा ठेचा जहाजावर किती दिवस टिकतो हे बघायला एक बरणी खिडकीत ठेवून दिली होती. बैल मात्र तिथंच भाड्यानं घ्यावेत असं मोठेबाबांचं मत होतं, आणि यावरून माझ्या मामाशी त्यांचं वाजलं. रंगनाथ मामा मूर्तिजापूरजवळच्या खेड्यात राहायचे आणि शंकरपटाच्या, म्हणजे शर्यतीच्या, बैलांपायी त्यांचं अर्धं आयुष्य गेलं होतं. त्यांच्या जोडीचं नाव वकील आणि डॉक्टर. पोरांपैकी कोणी झालं नाही, निदान दावणीला तरी असावेत, असं ते म्हणत. "परक्या बैलाले आपली हाक समजत नाई," मामांचं म्हणणं. "वकील-डॉक्टर घेऊन चाला. कडबा माह्याकडचा." मग एक पूर्ण रविवार पॅसिफिकपर्यंत कडबा किती लागेल या हिशोबात गेला. बाबा सगळं ऐकत होते. शेवटी ते एकच वाक्य बोलले, "पासावर बैल चालत नाईत." तेव्हा मुंबईपर्यंत जोडी चालत न्यायचं ठरलं.

असा प्रवास जवळजवळ जमत आला आणि मग मोठेबाबा अडले. अॅटलासवर सगळे दाणे मांडून ते दोन दिवस नुसते बघत बसले. कारण त्यांचा एक नियम होता, आणि तो त्यांनी जन्मात मोडला नव्हता. परगावी रात्र काढायची ती सोयऱ्याच्या घरी. धर्मशाळेत नाही, हॉटेलात नाही, ओळखीच्या माणसाकडे तर नाहीच नाही. "ओळखीच्या घरी च्या प्यावा," ते म्हणायचे, "पाठ टेकाची तं सोयऱ्याच्या घरी. त्याले नाई म्हनता येत नाई." आणि एवढा लांब पॅसिफिकचा किनारा, त्यावर आमचा सोयरा एकही नाही. होता तो खंडाऱ्यांचा अशोक, आणि तो ओळखीचा. त्याला सोयरा केल्याशिवाय गाडं पुढं सरकत नव्हतं.

मग ते दाण्यांवरून माझ्याकडे बघायला लागले.

"इमलले देऊन टाकू," ते बाबांना म्हणाले. "एक मुक्काम पक्का झाला की बाकीचे त्याच्या आधारानं लागतीन."

मी सतरा-अठरा वर्षांची होते. मॅट्रिक झाल्यावर मला अमरावतीच्या कॉलेजात घालायचं, असं बाबांनी कबूल केलं होतं. तिथल्या मुलींच्या वसतिगृहाच्या खोल्या मी मनातल्या मनात कितीदा झाडल्या होत्या. आता उन्हाळ्यात लग्नाचा बार उडणार, मी कॅलिफोर्नियात जाऊन चूल मांडणार, आणि मग केव्हातरी मोठेबाबा, वसंता, मामा आणि दोन बैल माझ्याकडे जेवायला येणार. जेवून ते पाण्यावर जाणार. मला राग लग्नाचा आला, कॉलेज बुडण्याचा आला, पण सगळ्यांत जास्त आला तो याचा, की त्या इतक्या मोठ्या प्रवासात मला कुठंच जायचं नव्हतं. मी मुक्काम होते. आणि वखरावर उभं राहायला घरात सगळ्यांत चांगलं येत होतं ते मला! लहानपणी उन्हाळ्यात गावी गेले की मोठेबाबाच मला वखरावर चढवायचे. वसंता चढला की पडायचा. "हिचं वजन बराबर हाय," ते अभिमानानं सांगायचे. "गुडघे ढिल्ले ठेव. खाली पाहू नको. बैलाच्या शेपटीकडे पाह्य." हे ज्यांनी शिकवलं तेच आता मला दाण्यासारखं नकाशावर ठेवत होते. मी मायजवळ रडले. ती कुरडयांचा चीक ढवळत होती. "पाहू," एवढंच ती म्हणाली आणि ढवळत राहिली.

खंडाऱ्यांना पोरगी दाखवायचं ठरलं मामांच्या गावी. त्यातही मोठेबाबांची आखणी होती. मूर्तिजापूर अकोला-अमरावतीच्या मधात, म्हणजे दोन्हीकडच्यांना चाल सारखी. शिवाय मामांच्या गावचा तलाव भरलेला होता, काठाला लागूनच शंकरपटाची सरळ दाण, म्हणजे बैल पळवायची वाट, होती, आणि फळीचा सराव करून बघायला याहून चांगली जागा नव्हती. सकाळी पोरगी बघायची, दुपारी पॅसिफिकचा सराव, संध्याकाळच्या गाडीनं आपापल्या घरी. अशोकला यातलं कोणी काही विचारलं नव्हतं. तो तिकडे कोणत्यातरी पिकाच्या मुळांवर अभ्यास करत होता आणि आपण एका मुक्कामाचे धनी होणार आहोत याची त्याला गंधवार्ता नव्हती.

गुरुजी पांढरं धोतर, काळा कोट आणि टोपी घालून आले. त्यांच्याबरोबर खंडारेबाई, जाड भिंगांचा चष्मा लावलेल्या आणि मोजकं बोलणाऱ्या, आणि त्यांची धाकटी मुलगी लीला. लीला माझ्याच वयाची. तिला कोणत्याही गोष्टीचं हसू यायचं आणि ती ते पदरात दाबायची. मामीनं कढीगोळे केले होते. मी मायचं जांभळं पातळ नेसून चहा दिला, नाव सांगितलं, चालून दाखवलं. खंडारेबाईंनी विचारलं, "सैपाक येते?" मी "हो" म्हटलं आणि माझा आवाज मलाच परका वाटला. नंतर सगळे जेवून तलावाकडे निघाले. पोरगी बघून झाली होती, तेव्हा माझ्याकडे आता कोणी बघत नव्हतं.

फळी म्हणून मामांच्या गोठ्याचं कवाड काढून आणलं होतं. कडी-कोयंड्यासकट. त्याला मोटेचा नाडा बांधला आणि नाड्याचं दुसरं टोक वकील-डॉक्टरच्या जुवाला. बैल काठावरून पळणार, कवाड काठालगतच्या पाण्यातून जाणार. गाव जमा झालं होतं. काय चाललं आहे असं कोणी विचारलं की मोठेबाबा गंभीरपणे सांगत, "पॅसिफिकचा सराव हाय," आणि विचारणारा समजल्यासारखी मान हलवून जागा धरून बसत असे.

पहिल्यांदा वसंता. मामांनी हाक दिली, जोडी सुटली, आणि वसंता जिथल्या तिथं उभा राहिला. कवाड तेवढं निघून गेलं. तो क्षणभर हवेत होता असं लोक म्हणतात. मग तो पाठीवर पडला. वर आला तेव्हा त्याच्या डोक्यावर शेवाळ होतं आणि लीला पदर तोंडात कोंबून खाली बसली होती. दुसऱ्यांदा मोठेबाबा स्वतः. ते उभे राहायच्या आतच बैल निघाले, आणि त्यांनी कडी धरून, चिखल उडवत, सगळा काठ बसूनच पार केला. तिसऱ्यांदा खंडारे गुरुजी पुढं झाले. कोणी म्हटलं नव्हतं. पण ज्याचा मुलगा कॅलिफोर्नियात आहे त्याच्या बापाला हे येऊ नये, हे त्यांना सहन होईना. त्यांनी कोट काढून खंडारेबाईंच्या हातात दिला, टोपी राहू दिली. "वेग वाढला की तोल आपोआप सांभाळला जातो," असं त्यांनी आम्हाला समजावून सांगितलं आणि बोलता बोलताच ते पाण्यात गेले. टोपी तरंगत राहिली. ती मामांच्या कुत्र्यानं आणून दिली.

"अवघड काम हाय," मोठेबाबा म्हणाले. ते काठावर उकिडवे बसले होते, अंगावरून चिखल ओघळत होता, आणि त्यांच्या डोळ्यांसमोर एकेक दाणा नकाशावरून उडून जात होता. असा हरलेला चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता. मला त्यांचा अजून राग येत होता आणि तरी माझ्याच्यानं बघवेना. मी जांभळ्या पातळाचा काष्टा मारला आणि पाण्यात उतरले. मामी "अवं पोरी!" म्हणून ओरडली. मी कवाडावर चढले. ते डुगडुगलं, पण वखरही डुगडुगायचाच. पुढच्या कडेला पाय ठेवला तर ते नाक खुपसतं हे तिघांकडे बघून मला कळलं होतं, म्हणून मी मागं उभी राहिले, गुडघे ढिले केले, आणि नाड्याच्या टोकाशी, लांब काठावर, वकिलाची शेपटी होती तिच्याकडे नजर लावली.

"मामा, सोडा," मी म्हटलं.

नाडा ताणला गेला, पायाखालचं कवाड उचललं गेलं, आणि मग सगळं हलकं झालं. वखराखाली माती कुरकुरते. इथं नुसता सळसळ आवाज होता. थंड पाणी पोटऱ्यांवर उडत होतं. काठावरची माणसं, बाभळी, मामांच्या गावची घरं मागं मागं जात होती आणि मी उभी होते. पडत नव्हते. मला हसू यायला लागलं, मोठ्यानं, पोरगी दाखवायच्या दिवशी हसू नये इतकं मोठ्यानं. बैलांच्या बरोबरीनं काठावरून कोणीतरी पळत होतं. चिखलानं माखलेलं धोतर एका हातात धरून, अनवाणी, धापा टाकत, मोठेबाबा पळत होते आणि ओरडत होते, "खाली पाहू नोको! उभी राय, इमल! उभी राय!"

शर्यतीच्या बैलांना दाण कुठं संपते ते ठाऊक असतं. तिथं पोचल्यावर वकील आणि डॉक्टर सवयीनं थांबले आणि गुळासाठी तोंड फिरवून उभे राहिले. नाडा सैल पडला. मी उभ्याउभ्याच, सावकाश, कमरेपर्यंत पाण्यात गेले.

गाव ओरडत होतं. मी निथळत काठावर आले तेव्हा खंडारेबाई गुरुजींचा कोट धरून पुढं आल्या. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "पोरगी पसंत हाय." टाळ्या पडल्या. गुरुजींनी ओल्या हातांनी मोठेबाबांचे हात धरले. आणि मला कळलं की मी माझ्या हातानं माझं लग्न ठरवून आले आहे.

"मी तिथं बसून नाई राहणार," मी म्हटलं. दात वाजत होते, त्यामुळे ते कोणाला धड ऐकू गेलं नाही. ज्यांना गेलं ते हसले.

मग माय पुढं आली. तिनं मला मध्ये घेतलं नाही. "इमल, इचार तुह्या मोठ्या बाबाले" असं म्हटलं नाही. ती त्यांच्या समोर जाऊन उभी राहिली. बाबांनी पान चावायचं थांबवलं.

"अवो मोठेबाबा, मी इचारून राहिली," ती म्हणाली. "हिले तिथं चुलीपाशी बसवाचं, तं पाण्यावर कोन उभं राहीन? वसंता, का तुमी?"

मोठेबाबांनी तिच्याकडे पाहिलं, मग पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. ते काठावर ओढून घेतलेल्या कवाडावर बसले आणि विचार करू लागले. घाई कोणी केली नाही. आखणीच्या बाबतीत त्यांना कोणी घाई करत नसे. शेवटी ते उठले.

"माही चूक झाली," ते म्हणाले. "मुक्कामाचं मानूस जाग्यावर पायजे. प्रवासाचं मानूस चालतं पायजे. एकच मानूस दोन्हीकडे धरलं मी, मंग कशी बसन आखनी? गुरुजी, पोरगी देता येत नाई. कामाची हाय."

गुरुजींच्या टोपीतून अजून पाणी गळत होतं. त्यांचा चेहरा पडला. आता बडनेऱ्यासारखं इथंही तुटणार, असं मला वाटलं. पण खंडारेबाई लीलाकडे बघत होत्या. लीला अजून वसंताच्या डोक्यावरच्या शेवाळाकडे बघून हसत होती आणि वसंता ते मुद्दाम काढत नव्हता.

"हे पोट्टं काय करते?" बाईंनी विचारलं.

"रेल्वेत हाय," माय म्हणाली. तीही आता समोरासमोरच बोलत होती, सगळ्यांशी.

तिथंच, गोठ्याच्या कवाडावर सुपारी फुटली. खंडारे सोयरे झाले, अशोक सोयरा झाला, मोठेबाबांचा मुक्काम पक्का झाला, आणि मुक्काम झाला वसंता. परतीच्या गाडीत मोठेबाबांनी पुढचं बोलून दाखवलं. किनाऱ्यावर गावोगावी बोलावं लागणार, बैलांचं भाडं ठरवावं लागणार, ते काही वऱ्हाडीत होणार नाही. "हिचं अंग्रेजी पुरं करा लागीन. जेवढं असन तेवढं."

"अमरावतीले पाठवतो म्हनून मी कवाचा म्हनून राहिलो," बाबा म्हणाले आणि खिडकीबाहेर बघू लागले.

मी अमरावतीला गेले. बी.ए. झाले, एम.ए. झाले, आणि मग पुढं सगळं आयुष्य पोरापोरींना इंग्रजी शिकवण्यात गेलं. प्रवास दरवर्षी पुढं ढकलला जाई. कधी निघता असं वस्तीत कोणी विचारलं की मोठेबाबा सांगत, "इमलचं अंग्रेजी व्हायचं हाय." मधेच अशोक शिक्षण संपवून भारतात परत आला तेव्हा ते त्याच्यावर फार चिडले. इतका चांगला मुक्काम असा कोणी सोडून येतो का, हे त्यांना कळत नव्हतं. शेवटच्या आजारात मी त्यांना भेटायला गेले. बोलणं क्षीण झालं होतं. त्यांनी मला खूण करून जवळ बोलावलं.

"झालं काय वं तुह्यं अंग्रेजी?"

मला शिकवायला लागून तेव्हा बरीच वर्षं झाली होती. झालं म्हटलं असतं तर निघावं लागलं असतं, आणि त्यांना उठून बसवत नव्हतं.

"थोडं राहिलं, मोठेबाबा."

"होऊ दे," ते म्हणाले. "घाई नाई."

मागच्या दिवाळीत वसंता आणि लीलाचा नातू घरी आला होता. तो आता त्याच कॅलिफोर्नियात असतो, म्हणजे मुक्कामाची सोय झाली आहे. उशिरा का होईना. त्यानं मला फोनवर फळीवरच्या माणसांची हलती चित्रं दाखवली. मी चष्मा लावून पुढून बघितलं, मागून बघितलं. दोर नव्हता. "आजी, कोणी ओढत नाही गं," तो हसत म्हणाला, "लाटच नेते. आपण नुसतं उभं राहायचं." मी मान डोलावली. शिकलेली बाई आहे मी, मला कळतं. त्यांना लाट नेत असेल. मला नेलं तेव्हा काठावरून अनवाणी पळणारा माणूस मी माझ्या डोळ्यांनी पाहिला आहे.